पाच जणांचं एक तिकीट: उद्यमनगरातलं २५ लाखांचं प्रकरण

हे प्रकरण मी पतसंस्थांच्या सभासद वर्गात मांडतो. माणसं निरनिराळ्या ठिकाणची जोडून उभी केलेली आहेत, म्हणून नावं दिलेली नाहीत, कामावरूनच ओळखायचं. कायदा, कराचे दर आणि सरकारी योजनांच्या अटी मात्र २०२५-२६ सालच्या, आहेत तशा घेतल्या आहेत.

जागा: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, आणून त्यावर टर्निंग-ड्रिलिंग करून देणारं एक मशीन शॉप. तिथले तिघे, म्हणजे लेथवरचे (धातू कातायच्या यंत्रावरचे) टर्नर तात्या, एक तरणा फिटर आणि स्टोअरकीपर. चौथा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून माल ने-आण करणारा टेम्पोवाला. पाचव्या, दारात चहाचा गाडा लावणाऱ्या मावशी. हे पाच जण राज्य लॉटरीच्या प्रत्येक बंपरला मिळून एक तिकीट काढायचे. तिकीट २०० रुपयांचं, डोई ४०. फिटर एस.टी. स्टँडवरून यायचा, म्हणून आणायचं काम त्याचं. ठेवायचं काम तात्यांचं. तात्या ते मायक्रोमीटरच्या डबीत ठेवायचे, कारण अख्ख्या शॉपमध्ये तेल-कुलंटचा हात न लागणारी तेवढी एकच जागा होती.

लॉटरी लागण्याआधी काय बोलणं चालायचं ते नोंदवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

फिटर : "पयली बुलेट. काळी. मग बाकीचं बघू."

स्टोअरकीपर : "किल्ल्या साहेबाच्या टेबलावर टाकणार आणि एक शब्द न बोलता भाईर."

टेम्पोवाला : "हप्तं नील. दुसरं काय न्हाई."

तात्या : "लेथ. गाळा भाड्याचा चालंल, लेथ माझी पायजे."

मावशी : "अंबाबाईला साडी, आनि तुमच्या सगळ्यांच्या उधाऱ्या माफ."

मजेत बोललेलं हे, पण मला यात मजेपेक्षा जास्त काही दिसतं. प्रत्येक जण आख्खं बक्षीस आपल्या एकट्याचं धरून बोलतो. कर कुणी वजा करत नाही, वाटणी कुणी करत नाही. फक्त टेम्पोवाल्याने मागितलं ते आधीपासून ठरलेल्या देण्याइतकं.

२०२५ च्या दिवाळी बंपरला तिकीट लागलं. पहिलं बक्षीस नव्हे, त्याखालचं. २५ लाख.

पहिला वाद: चाळीस रुपये

निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी आनंद तासभर टिकला. मग फिटरनं आठवण काढली की ह्या वेळी स्टोअरकीपरनं पैसे दिलेच नव्हते. ते तात्यांनी भरले होते. मग तो वाटेकरी कसा?

वर्गात हा प्रश्न टाकला की आवाज चढतो, आणि चढायलाच हवा, कारण एकाच घटनेचे तीन अर्थ निघतात. एक, तात्यांनी स्टोअरकीपरला ४० रुपये उसने दिले आणि त्या उसन्या पैशातून त्याने आपला वाटा घेतला. म्हणजे वाटेकरी पाच. दोन, स्टोअरकीपर ह्या वेळी खेळलाच नाही आणि तात्यांनी दोन वाटे घेतले. म्हणजे तात्यांचे दोन पंचमांश. तीन, फिटरचं म्हणणं: पैसे दिले त्या चौघांचं तिकीट, वाटे समान चार. फिटरचा हिशेब साधा होता. हातात येणाऱ्या रकमेचे पाच वाटे केले तर माणशी ३ लाख ४४ हजार, चार केले तर ४ लाख ३० हजार. फरक माणशी ८६ हजारांचा. दहा वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाची आठवण ८६ हजारांसाठी जराशी सरकते, यात मला नवल वाटत नाही.

निकाल लावला तो व्हॉट्सॲपनं. तिकीट काढलं त्या दुपारी स्टोअरकीपरनं ग्रुपवर टाकलं होतं, "माझंबी टाका तात्या, पगाराला देतो." खाली तात्यांचा अंगठा. त्याच्याखाली फिटरनंच टाकलेला तिकिटाचा फोटो, तारीख-वेळेसकट, सोडतीच्या आधीचा. मागणी झाली, स्वीकार झाला, आणि उधारी फक्त पैसे देण्याच्या मुदतीची राहिली. उद्या कोर्टात गेलं असतं तरी हा मेसेज भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे, सोबत लागणारं प्रमाणपत्र जोडून, पुरावा म्हणून मांडता आला असता. फिटर गप्प झाला. खरं सांगायचं तर तो गप्प झाला तो मावशींनी "तुझी किती उधारी हाय रं माज्याकडं?" असं विचारल्यावर, कलम ६३ मुळे नव्हे.

सही कुणाची

लॉटरीचं तिकीट ज्याच्या हातात, त्याचा हक्क सांगणं सोपं. मागे नाव, पत्ता, सही करून मूळ तिकीट जो सादर करतो तो दावेदार. मुदतीत दावा केला नाही तर बक्षिसाची रक्कम सरकारजमा होते. लॉटरी (नियमन) अधिनियम, १९९८ मध्येच तशी तरतूद आहे. त्यामुळे पाच जणांच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या जागेवर पहिली सही कोण करतो, हा मोठा क्षण.

तात्यांवर सगळ्यांचा विश्वास. तेच म्हणाले, "माझ्या नावावर काढू, आलं की वाटून देतो." कुणाचीच हरकत नव्हती. राजारामपुरीतल्या एका सीएकडे गेले ते केवळ कर किती कापतील हे विचारायला.

सीएनं आधी कराचं सांगितलं. लॉटरीच्या बक्षिसावर त्या वर्षी लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११५बीबी प्रमाणे सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. बक्षीस देणारं कार्यालय कलम १९४बी खाली ३० टक्के आधीच कापून देतं. यावर टेम्पोवाला म्हणाला तेच बहुतेक जण म्हणतात: "बारा लाखांपतुर कर माफ हाय की आता!" ती माफी पगार-धंद्याच्या उत्पन्नावरची सूट आहे. लॉटरीच्या उत्पन्नाला ती लागू नाही, मूळ करमुक्त मर्यादाही लागू नाही, आणि तिकिटांवर आजवर घातलेले पैसेही वजा करता येत नाहीत. वर्षाला दोन लाख ऐंशी हजार कमावणारा टर्नर आणि कोट्यधीश, दोघांच्या बक्षिसातून तीसच टक्के. (तिकीट काढतानाही कर भरलेलाच असतो. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर जीएसटी ४० टक्के आहे. २०० च्या तिकिटातले सुमारे ५७ रुपये तोच.)

म्हणजे २५ लाखांतून साडेसात लाख कापून साडेसतरा हातात, आणि विवरणपत्र भरताना आणखी ३० हजार उपकर. उरले १७ लाख २० हजार. पाचांत ३ लाख ४४ हजार.

मग सीएनं तात्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरगी काय करते तुमची?"

"इंजिनियरिंगला हाय. दुसऱ्या वर्षाला."

"फी?"

"माफ हाय की."

ह्या प्रकरणातली सगळ्यात महाग गोष्ट ह्या दोन ओळींत होती. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फी माफी राज्यात २०२४-२५ पासून आहे, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. तात्यांनी एकट्याच्या नावावर बक्षीस घेतलं की त्यांच्या नावावर त्या वर्षी २७ लाख ८० हजारांचं उत्पन्न दिसणार. नंतर त्यातला चार पंचमांश भाग मित्रांना वाटला, हे उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठे लिहायला जागा नसते. पाच जणांच्या नावावर विभागून घेतलं तर तात्यांच्या वाट्याला ५ लाख. पगार धरून ७ लाख ८० हजार. मर्यादेच्या वीस हजार आत.

दुसरं, मित्रांना नंतर दिलेले पैसे कायद्याच्या नजरेत काय? कागद नसेल तर ती भेट. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांच्या वर भेट मिळाली तर कलम ५६(२)(एक्स) प्रमाणे ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. ह्या चौघांची कमाई पाहता बारा लाखांच्या सवलतीत त्यावर कर लागला नसता, पण एकदा कर कापलेला पैसा चौघांच्या नावावर पुन्हा उत्पन्न म्हणून उभा राहिला असता आणि त्याचा खुलासा करत बसावं लागलं असतं.

म्हणून उपाय ठरला तो असा: दावा करण्याआधी पाचांचा करार. तिकीट पाच जणांनी समान पैशांनी घेतलं, सगळे समान मालक, तात्या सगळ्यांच्या वतीने सादर करत आहेत. सोबत व्हॉट्सॲपची छापील पानं, पाचांचे पॅन. ५०० च्या स्टॅम्पवर. शंभराचा ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. शिवाय कापलेला कर पाचांच्या नावावर दाखवावा म्हणून आयकर नियम ३७बीए प्रमाणे कार्यालयाला लेखी निवेदन. हे सगळं घेऊन, आधी फोनवर विचारून, तात्या आणि टेम्पोवाला नवी मुंबईला लॉटरी कार्यालयात गेले. टेम्पोवाला सोबत गेला तो विश्वास नव्हता म्हणून नाही. तात्या पुण्यापलीकडे एकटे जात नाहीत.

मावशींचं नाव नको

करारावर सही करायला मावशी तयार नव्हत्या. "माझं नाव कागदावर नगं. तात्या देतील तेवढं हातात द्या."

कारण विचारल्यावर कळलं, लाडकी बहीण. महिन्याचे १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकर भरणारा नको. त्यात ई-केवायसी नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्याच बायका धास्तावलेल्या. मावशींच्या नावावर ५ लाखांचं उत्पन्न आलं तर वर्षाचे १८ हजार जाण्याची भीती.

वर्गात इथे काही जण हसतात. साडेतीन लाख मिळत असताना दीड हजाराची काळजी! मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. साडेतीन लाख एकदाच येणार. दीड हजार दर महिन्याला, तिच्या स्वतःच्या खात्यात, कुणाला न विचारता येतात. गाड्यावर पाऊस पडला की धंदा बुडतो, ते पैसे बुडत नाहीत. ज्याचं उत्पन्न रोजचं आणि अनियमित आहे त्याला बांधीव पैशाचं मोल जास्त वाटतं, आणि ते बरोबर आहे.

चूक होती ती "हातात द्या" मध्ये. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, कलम २६९एसटी. घेतली तर दंड रकमेइतकाच, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. म्हणजे तात्यांनी प्रेमानं दिलेले ३ लाख ४४ हजार मावशींना ३ लाख ४४ हजारांच्या दंडाला नेऊन घालणार. बँकेतून घेतले तर ती भेट, उत्पन्नातच धरली जाणार, आणि अडीच लाखांची मर्यादा तिथेही ओलांडलेलीच. कुठूनही गेलं तरी नाव येणारच, मग खरं नाव खऱ्या कागदावर आलेलं बरं. मावशींनी सही केली. आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "आता तुमी लखपती. उधाऱ्या आज भागवा."

साडी मात्र नेसवली.

पैसे कुठे गेले

टेम्पोवाल्यानं म्हटलं तेच केलं. तीन हप्ते थकले होते, ते आणि उरलेलं कर्ज फेडून ना-हरकत दाखला घेतला. काही हजार शिल्लक राहिले.

फिटरनं काळी बुलेट घेतली. यावर भाषण द्यायचा मोह वर्गात अनेकांना होतो. मला होत नाही. पाच जणांत आपल्याला काय हवं हे नेमकं ठाऊक असलेला आणि ते परवडण्याइतक्या रकमेचंच असलेला, टेम्पोवाल्यासारखाच, तोही एक. त्याची अडचण बुलेट नव्हती, पुढे सांगतो ती होती.

तात्यांनी लेथ घेतली नाही. जुनी लेथ साडेतीन लाखांत मिळाली असती, पण गाळ्याचं डिपॉझिट, थ्री-फेज कनेक्शन, टूल, आणि काम मिळेपर्यंत चार महिन्यांचा घरखर्च धरला तर आकडा दुपटीच्या वर जातो. त्यांनी तारण ठेवलेलं बायकोचं गंठण सोडवलं आणि उरलेले पोरीच्या नावावर मुदत ठेवीत टाकले. लेथचं स्वप्न २५ लाखांचं होतं. ३ लाख ४४ हजारांत ते बसत नव्हतं, आणि हे त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर अर्ध्या तासात कळलं. पुष्कळांना हे गाळा घेतल्यावर कळतं.

स्टोअरकीपरचं वेगळंच झालं. बक्षिसाची बातमी आठवड्यात पसरली आणि एका पतसंस्थेचा वसुलीवाला शॉपच्या दारात उभा राहिला. मेहुण्याच्या कर्जाला हा जामीन होता. मेहुणा हप्ते भरत नव्हता. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते (भारतीय करार अधिनियम, कलम १२८), आणि संस्थेला आधी कर्जदाराच्याच मागे लागलं पाहिजे असं बंधन नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्या मालमत्तेवरही हात टाकता येतो. २ लाख १० हजार गेले. तो रागानं म्हणाला, लॉटरी लागली नसती तर ह्यांनी मला विचारलंही नसतं. खरं आहे. पण देणं सही केली त्या दिवसापासून होतंच. किल्ल्या अजून त्याच्याच कमरेला आहेत.

अशा रकमेचं काय होतं याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या विजेत्यांवर झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ५० हजार ते दीड लाख डॉलर जिंकलेल्यांची दिवाळखोरी पहिल्या दोन वर्षांत कमी दिसली. तीन ते पाच वर्षांत ती छोट्या बक्षीसवाल्यांपेक्षा उलट जास्त झाली. म्हणजे टळली नाही, पुढे ढकलली गेली. आपल्याकडच्या विजेत्यांनाही तोच नियम आपोआप लावू नये. अमेरिकेत कर्ज बँकेचं असतं, इथे निम्मं मेहुण्याचं असतं. जवळचं उदाहरण केरळचं घ्यावं. २०२३ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडीत कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी वर्गणी काढून २५० रुपयांचं मान्सून बंपर घेतलं आणि १० कोटी जिंकले. आदल्याच वर्षी तिरुवनंतपुरममधल्या एका रिक्षावाल्याला २५ कोटींचा ओणम बंपर एकट्याला लागला, आणि मागणाऱ्यांच्या रांगेला कंटाळून त्यानं जाहीरपणे म्हटलं की जिंकलो नसतो तर बरं झालं असतं. मला वाटतं, पाच किंवा अकरा जण वाटेकरी असले की एक फायदा होतो: दारात येणाऱ्याला "माझ्या एकट्याचं न्हाई" असं खरं खरं सांगता येतं. उद्यमनगरात तात्यांनी ते बऱ्याच जणांना सांगितलं.

वर्गासाठी शेवटचा भाग: सहा हजार

आता फिटरची अडचण. कार्यालयानं कापला तो ३० टक्के, उपकर त्यात नव्हता. प्रत्येकाच्या वाट्याच्या दीड लाख करावर ४ टक्के, म्हणजे ६ हजार, ज्यानं त्यानं विवरणपत्रासोबत भरायचे. रक्कम १० हजारांच्या आत असल्यामुळे आगाऊ कर भरायचा प्रश्न नव्हता. हे सीएनं सांगितलं होतं, करारावर टिपून दिलं होतं, तात्यांनी ग्रुपवरही टाकलं होतं. फिटरच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै.

चौघांनी पैसे बाजूला ठेवले होते. स्टोअरकीपरनंसुद्धा, वसुली गेल्यावर उरलेल्यातून. फिटरनं साडेतीन लाख हातात आले म्हणजे ते सगळे आपले, असं धरलं होतं. बुलेट, विमा, सायलेन्सर, हेल्मेट, दोन मित्रांसकट गोवा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या खात्यावर अकराशे रुपये होते.

मालकाकडे उचल मागितली तर मालक म्हणाला, "लखपतीला उचल?"

मग तो तात्यांकडे आला. तात्यांनी लेथ बंद केली, हात पुसले आणि म्हणाले, "देतो. पन आदी ग्रुपवर लिव्ह."

फिटरनं लिहिलं: "तात्यांकडनं सहा हजार उसने घेतले, पगाराला देतो." खाली स्टोअरकीपरनं सगळ्यात आधी अंगठा टाकला.

वर्गात चर्चेसाठी मी एवढाच प्रश्न देतो: पुढच्या बंपरला ज्याचे चाळीस रुपये वेळेत आले नाहीत, त्याचं नाव धरायचं की नाही, ही अट पाचांनी काय शब्दांत लिहावी? एका ओळीत लिहून दाखवा, आणि शेजाऱ्याला ती वाचून त्यात पळवाट शोधू द्या.